मैफलीची खतावणी

आपल्या भागात नुसते 'धार' म्हटले, तर ऐकणारा पुढचे 'वाड' मनातल्या मनात जोडून घेतो. सुट्टीत धारला जाऊन आले असे मी सांगितले, तेव्हा वर्गातील दोघींनी मला पेढे कुठे आहेत म्हणून विचारले! हे धार मध्य प्रदेशात, माळव्याच्या पश्चिम अंगाला आहे. इंदूरपासून साठ-पासष्ट किलोमीटर. इंदूरच्या दुसऱ्या बाजूला, पस्तीसेक किलोमीटरवर देवास आहे. दोन्ही गावे पवार घराण्यातील मराठा सरदारांची. दोन्ही ठिकाणी आजही मराठी आडनावांची घरे भेटतात, आणि त्यांच्या मराठीत माळवी बोलीचा गोडवा मिसळलेला ऐकू येतो. माझ्या मावशीचे यजमान नोकरीनिमित्त देवासला असतात, म्हणून मला ही दोन्ही गावे पाहावयास मिळाली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला देवास ठाऊक असते ते तेथील नोटांच्या छापखान्यामुळे. मी मात्र तेथून एक निराळीच गोष्ट घेऊन आले. तीच येथे मांडावयाची आहे.

त्याआधी आपल्याच घरातली अडचण सांगते.

मी घरी कन्नड बोलते आणि शिकले मराठी शाळेत. त्यामुळे स्नेहसंमेलनात दोन्ही भाषांतील निवेदन माझ्याकडे येते. गेली दोन वर्षे मी पडद्याच्या कडेला उभी राहून एक दृश्य पाहत आहे. मराठी कार्यक्रम संपून मी कन्नडमधून पहिले वाक्य उच्चारते, आणि निम्मे सभागृह खुर्च्या सरकवून उठते. ज्या वर्षी कन्नड विभाग आधी असतो, त्या वर्षी उरलेले निम्मे उठते. वेळ अगदी काटेकोर वाटलेली असते. इकडे पाऊण तास, तर तिकडेही पाऊण तास. मिनिटांवरून भांडण होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि भांडण खरोखरच होत नाही. पण ज्याला एकमेकांचे काही ऐकावेच लागत नाही, त्याला भांडण्याचे कारण तरी काय उरणार?

ही अडचण मनात असताना मी धार पाहिले. तेथील लोखंडी स्तंभाचे तुकडे पाहिले, टेकडीवरचा किल्ला पाहिला. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडविणारे रघुनाथ कृष्ण फडके हे शिल्पकार वसईहून येऊन याच गावी स्थायिक झाले होते, हेही कळले. पण मनात राहिला तो एक दगड. आज भोजशाळा व कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत १९०३ साली एक कोरीव शिळा उजेडात आली. तिच्यावर चक्क एक नाटक कोरलेले होते. नाटकाचे नाव 'पारिजातमंजरी'. तेराव्या शतकाच्या आरंभी धारेवर राज्य करणाऱ्या परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने ते रचले, आणि धारेच्या वसंतोत्सवात त्याचा प्रयोग होत आहे असे त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. विजयाच्या क्षणी आकाशातून पडलेली पारिजाताची मंजरी राजाच्या अंगाला लागून एक तरुणी होते, अशी ती कथा.

या नाटकात एकच भाषा नाही. जुन्या संस्कृत नाटकांच्या रीतीप्रमाणे राजा संस्कृत बोलतो. स्त्रिया गद्य बोलतात ते शौरसेनी प्राकृतात, आणि पद्य म्हणतात ते महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे आपल्या मराठीची जी पूर्वज मानली जाते, ती भाषा आठशे वर्षांपूर्वी धारेच्या वसंतोत्सवात रंगमंचावर उभी होती. आणि तीही आपल्याला स्वतंत्र पाऊण तास मिळावा असा अर्ज न करता! एका वाक्यात एक भाषा, पुढच्या वाक्यात दुसरी, आणि कथा दोघींची मिळून एक. महाराष्ट्रीचा श्लोक सुरू झाला म्हणून संस्कृतवाले उठून गेले असतील, असे मला वाटत नाही. गेले असते तर नायिका काय म्हणाली हेच त्यांना कळले नसते.

या नाटकाचे अंक चार होते. त्यांपैकी पहिले दोन या शिळेवर आहेत. पुढील दोन अंकांची शिळा सापडलेली नाही. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण मला पुढे त्याकडे वळावयाचे आहे.

आता देवास. हे गावही मोठे गमतीचे. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंकडे देवास आले आणि पुढे त्याची दोन संस्थाने झाली : थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण राजे दोन, राजवाडे दोन, कारभार दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून येथे राहिले होते. या दुहेरी राज्याच्या गमती त्यांनी 'द हिल ऑफ देवी' या १९५३च्या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. त्या नावातील टेकडी गावाच्या माथ्यावर आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. देवीसुद्धा दोन पाहून मला प्रथम आपल्या स्नेहसंमेलनाचीच आठवण झाली!

याच टेकडीच्या पायथ्याशी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावचा एक माणूस अखेरपर्यंत राहिला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ, अर्थात कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४. मातृभाषा कन्नड. कोवळ्या वयात मुंबईला प्रो. बी. आर. देवधर यांच्या संगीतशाळेत गेल्यावर मराठीही आपली झाली. लहानपणीच गाण्याने लोकांना थक्क केले होते. पण ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, आणि कोरड्या हवेसाठी १९४८च्या जानेवारीत ते देवासला आले. गाण्यास बंदी होती. पाच-सहा वर्षे अंथरुणात गेली. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा अगदी नवे असलेले औषध उपयोगी पडले.

गाता येत नव्हते, ऐकता येत होते. घरावरून जाणाऱ्या माळव्यातील बायकांची गाणी, देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीकडे येणाऱ्या नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने, गारुड्याची पुंगी. ही भाषा त्यांची नव्हती. कन्नड आणि मराठी यांच्या पलीकडची ती तिसरी. मला वाटते, शब्द परके असले की कान आधी सुरावटीकडे जातो. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांमध्ये त्यांना रागांची मुळे दिसू लागली. पुढे त्यांनी अशा धुनांतून नवे रागच बांधले. त्यांना 'धुनउगम राग' म्हणतात. गारुड्याच्या धुनेतून आलेला 'अहिमोहिनी' हा त्यांपैकी एक. मालवती आणि संजारी ही आणखी दोन नावे. त्यांच्या बंदिशींचे 'अनूपरागविलास' हे पुस्तक १९६५ साली निघाले.

एवढे संगीताच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या संध्याकाळींविषयी. नेहमीच्या मैफलीत गवई एक मोठा राग घेतो, मग दुसरा, आणि शेवटी ठुमरी किंवा भजन. कुमारजी अशा मैफली तर करीतच. पण त्यांनी आणखी एक प्रकार काढला. एक विषय घ्यावयाचा आणि सगळी संध्याकाळ त्याच्याभोवती बांधावयाची. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत' आणि 'गीत वसंत' हे ऋतूंवरचे. 'माळवा की लोकधुनें' हा लोकगीतांचा. 'त्रिवेणी' हा कबीर, सूरदास आणि मीरा यांचा. तुकारामांवर एक, तुलसीदासांवर एक. 'तांबे गीत रजनी' हा भा. रा. तांब्यांच्या कवितांचा, तांबे माळवा-ग्वाल्हेरकडचे, आणि त्यांच्या आयुष्याचा काही काळ देवासमध्येच गेलेला. 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमाच्या नावातील पहिला शब्द तर पाहा. 'मला'. म्हणजे हा नुसता नाट्यगीतांचा कार्यक्रम नाही. एका गायकाने दुसऱ्या गायकाविषयी गाऊन लिहिलेला तो लेख आहे.

या संध्याकाळी बांधल्या कशा जात, हे मी ध्वनिमुद्रणे ऐकून आणि त्यांविषयी वाचून समजून घेण्याचा प्रयत्न केला. मला जे कळले ते माझ्या शाखेच्या भाषेत सांगते. हिशेबाच्या वह्या दोन असतात. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिले जातात : सकाळी सुतळी घेतली, दुपारी भाडे दिले, संध्याकाळी उधारी आली. प्रत्येक नोंद खरी असते, पण नुसती रोजकीर्द वाचून धंदा कसा चालला आहे हे कळत नाही. त्यासाठी खतावणी करावी लागते. निरनिराळ्या दिवशीच्या, निरनिराळ्या पानांवरच्या नोंदी उचलून एका खात्याखाली आणावयाच्या. तेथे त्या एकमेकींशी बोलू लागतात. आपले स्नेहसंमेलन ही रोजकीर्द आहे : नाच, नकला, भावगीत, मूकनाट्य, आभार. कुमारजींची संध्याकाळ ही खतावणी आहे.

'गीत वर्षा' घ्या. खाते एकच, पाऊस. उन्हाळ्याच्या अखेरच्या काहिलीपासून पावसाच्या निरोपापर्यंत ऋतू ज्या क्रमाने येतो आणि जातो, त्या क्रमाने रचना लावलेल्या. म्हणजे क्रम हा सोयीसाठी नाही; क्रमातूनच अर्थ येतो. वाट पाहण्याचे गाणे आधी असल्याशिवाय सरीचे गाणे भिजवीत नाही. त्यात बायकांचे लोकगीत आणि मल्हाराच्या प्रकारातील बंदिश शेजारी येतात. लोकगीत लहान; त्याचे वळण चार-पाच स्वरांचे. ते कानात असतानाच पुढच्या बंदिशीत तसेच वळण भेटले, की रागाचे व्याकरण न शिकलेल्या माणसालाही ओळख पटते. स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. शेजारच हे काम करतो. तिसरी गोष्ट लांबीची. तास-दीड तासाचा एकच ख्याल मध्ये आला असता तर त्याने बाकी सारे गिळले असते, म्हणून प्रत्येक रचना लागेल तेवढीच. आणि या सगळ्यांखाली सतत तानपुरे. तानपुरे मिळविण्यात कुमारजी किती वेळ घालवीत याच्या गोष्टी आजही सांगतात. निरनिराळ्या जातींचे रंग उठून दिसावेत म्हणून कागद आधी एकसारखा ताणून बसवतात, तशी ती जमीन.

कोणी म्हणेल, लहान लहान प्रयोग एकत्र करणे यात नवे काय? पाश्चात्य देशांतही हे झाले. १९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात 'कॅबरे व्होल्तेर' नावाच्या लहानशा जागेत चित्रकार, कवी आणि गायक जमत. भिंतीवर चित्रे, पेटी-ढोल, निरर्थक ध्वनींच्या कविता असा तो खेळ होता. एका प्रयोगात तर तिघांनी जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच या तीन भाषांत एकाच वेळी कविता म्हटली. अर्थातच कोणालाच काही कळले नाही, आणि तोच हेतू होता. ज्या शहाण्या जगाने ते युद्ध पेटविले, त्याच्या शहाणपणाला दिलेले ते उत्तर होते. त्याची ताकद मी नाकारीत नाही. पण आपल्याकडे गोंधळ मुद्दाम करण्याची गरज नाही; तो पुरेसा आहे. आपल्याला धारेची आणि देवासची रीत अधिक उपयोगी आहे. धारेच्या नाटकात भाषा अनेक आणि कथा एक. देवासच्या संध्याकाळी जाती अनेक आणि खाते एक.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, तेही पाहू. पहिला असा की विषय आला की कला निबंध होते. हा धोका खरा आहे. 'पर्यावरण' हा विषय देऊन बसविलेली नृत्ये आपण पाहिली आहेत. शेवटी सगळे झाड होऊन उभे राहतात! पण पाऊस हा निबंधाचा विषय होण्याच्या कितीतरी आधीपासून गाण्याचा विषय होता. विषय असा निवडावा की त्याच्यावर आधीच लोकांनी गाऊन ठेवले आहे. दुसरा आक्षेप शुद्धतेचा. घराण्याची चौकट मोडली म्हणून कुमारजींवर जुन्या जाणकारांनी टीका केली होती. तरीही त्यांना १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळाले, हा माझा युक्तिवाद नाही. पुरस्कारांनी वाद मिटत नाहीत. माझे म्हणणे इतकेच, की बंदिशीच्या शेजारी लोकगीत ठेवल्याने बंदिशीतील एकही स्वर कमी होत नाही. खतावणीत गेली म्हणून रोजकीर्दीतली नोंद काही खोडली जात नाही.

आता माझी सूचना. पुढील स्नेहसंमेलनात दोन पाऊण तासांतून आपण दोघांनीही पंधरा-पंधरा मिनिटे काढून द्यावीत आणि अर्ध्या तासाचे एक खाते उघडावे. खात्याचे नाव 'जाते'.

जातेच का, ते सांगते. मराठी बायकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या गोळा केल्या. कन्नड बायकांनी त्याच दगडावर, म्हणजे बीसुकल्लावर, त्रिपदी म्हटल्या. विजापूर भागातील हलसंगीच्या मंडळींनी त्या 'गरतिय हाडु'मध्ये एकत्र केल्या. दोन्ही पुस्तके आपल्या ग्रंथालयात मागून पाहावीत. दोहोंत माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे, न बोललेले दुःख आहे. ओवी आणि त्रिपदी यांचे चरण निराळे, पण दोघींचा ताल एकच, कारण खुंटा धरून हात जसा फिरतो तसाच श्वास चालतो. एक भाषा न कळणाऱ्यालाही तो फेरा कळेल.

म्हणून आरंभ नुसत्या जात्याच्या आवाजाने करावा, एक मिनिट. मग एक त्रिपदी, एक ओवी, पुन्हा त्रिपदी. मध्ये निवेदन नको, आणि हे निवेदकच सांगत आहे. मग आमच्या शाखेचा एक प्रयोग : फळ्यावर हिशेब. घरात पाच माणसे, माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य, म्हणजे रोज अडीच किलो. वर्षाला नऊशे किलोंहून अधिक. ते एका बाईने हाताने दळले. आजच्या गिरणीच्या दराने त्याला गुणावे आणि उत्तर फळ्यावर तसेच राहू द्यावे. कोणत्याही वहीत ही रक्कम जमा दाखविलेली नाही. चित्रकलेच्या मंडळींनी मागे पोती आणि सुपे एवढ्यावर भागवावे. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर, कुमारजींचे स्नेही, वाळकी पाने, मुळे आणि टरफले यांतून चित्रे उभी करीत. खर्चाची सबब आपल्याला सांगता येणार नाही. शेवटी संगीत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने त्याच वळणाची एखादी बंदिश गावी. आभार नकोत.

माझी अज्जी ही पदे म्हणते. कोणी पाहत नसले तरच. आमच्या शेजारच्या वाड्यात एक मराठी आजी आहेत, त्या ओव्या म्हणतात. दोघी चाळीस वर्षे एकमेकींना ओळखतात, पण एकीने दुसरीचे गाणे कधी मुद्दाम ऐकलेले नाही. अज्जीला अलीकडे पदाचा पहिला चरण आठवतो, दुसरा आठवतो, तिसऱ्याशी ती थांबते आणि हसते. धारेच्या नाटकाचे उरलेले दोन अंक कोठे गेले, हे शोधणे आपल्या हातात नाही. हा तिसरा चरण मात्र अजून घरात आहे. तो उतरून घ्यावयास एक वही आणि एक दुपार पुरेल.

ज्यांच्या घरी अशा आज्या, मावश्या किंवा काकू असतील, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत निदान पाच-पाच पदे लिहून आणावीत. भाषा कोणतीही चालेल, लिपी कोणतीही चालेल. दोन्ही लिपी वाचणारी मी आहेच. आणि याच अंकाच्या कन्नड विभागात हीच विनंती कन्नडमध्ये छापावी, असे मी संपादकांना कळविले आहे.